ढगात ठेवलेली प्रत

रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, उरण तालुक्यात, न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. कंटेनरमधून होणाऱ्या देशाच्या व्यापाराचा फार मोठा वाटा या एका बंदरातून जातो. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी ठप्प झाले. वादळ आले नव्हते, क्रेनही मोडली नव्हती. पण कोणता कंटेनर कोणाचा, तो कोणत्या जहाजातून उतरला, कोणत्या ट्रकवर चढवायचा, ही सारी माहिती ज्या संगणकांत होती ते संगणकच बंद पडले होते. लोखंडी पेट्या धक्क्यावर होत्या, ट्रक दाराशी उभे होते, पण कोणाला काय द्यायचे हे सांगणारे कोणी नव्हते.

हे टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मेर्स्क या उद्योगसमूहातील. त्या दिवशी मेर्स्कची जगभरची कार्यालये अशीच आंधळी झाली. 'नॉटपेट्या' नावाची एक घातक आज्ञावली युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत पसरली होती. ती संगणकात शिरली की त्यातील सर्व माहिती कुलूपबंद करी, आणि या कुलपाला किल्लीच नव्हती. पुढे कंपनीने सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे केले.

हे उभे करणे शक्य झाले ते एका विलक्षण योगायोगामुळे. कंपनीच्या जाळ्यात सुमारे १५० विशेष सर्व्हर होते. कोणाला कोणत्या यंत्रावर काय करण्याची परवानगी आहे, याची नोंदवही ते सांभाळीत. ही नोंदवही नसेल तर बाकी काहीच सुरू करता येत नाही. या १५० यंत्रांची योजना अशी होती की प्रत्येकाजवळ तीच नोंदवही असावी आणि एकात बदल झाला की तो लगेच सर्वांत व्हावा. एक बिघडले तर दुसरे आहेच, दुसरे बिघडले तर तिसरे. दीडशे प्रती! यापेक्षा सुरक्षित काय असणार? म्हणून त्या नोंदवहीची वेगळी प्रत काढून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. आणि २७ जूनला सगळी यंत्रे एकाच झटक्यात पुसली गेली.

सगळी म्हणजे एक सोडून. आफ्रिकेतील घाना देशात त्या वेळी वीज गेली होती. तेथील सर्व्हर बंद होता, जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून वाचला. आता ती प्रत इंग्लंडला पाठवायची. पण घानातील इंटरनेटचा वेग इतका कमी की शेकडो गिगाबाइट माहिती पाठवण्यास कित्येक दिवस लागले असते. तेथील कर्मचाऱ्याजवळ इंग्लंडचा व्हिसा नव्हता. शेवटी तो हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तेथील विमानतळावर त्याने ती दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली, आणि त्या दुसऱ्याने ती इंग्लंडला नेली. जगातल्या एका अवाढव्य कंपनीची नोंदवही हातातल्या पिशवीतून परत आली, तीही वीज गेल्याच्या कृपेने. कोकणात राहणाऱ्या वाचकाला वीज जाण्याचे एवढे कौतुक प्रथमच ऐकायला मिळत असेल.

दीडशे प्रती असूनही त्या एकच कशा ठरल्या, हा या गोष्टीतला खरा प्रश्न आहे. क्लाउड कोणता घ्यावा, बॅकअपसाठी कोणते साधन वापरावे, या आजच्या आज्ञावलीकारांच्या रोजच्या प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

माणगावातला एक धंदा

आपण न्हावा-शेव्याहून महामार्गाने दक्षिणेकडे माणगावला येऊ. कोकण रेल्वेचे स्टेशन, मुंबई-गोवा महामार्ग, श्रीवर्धन-म्हसळ्याकडे जाणारा फाटा आणि काळ नदी, असे हे तालुक्याचे गाव. याच तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दरवर्षी तेथून संगणकशास्त्र शिकलेले तरुण बाहेर पडतात. समजा, त्यांपैकी एकीने मुंबई-पुण्याला न जाता माणगावच्या बाजारपेठेत एक खोली घेऊन धंदा सुरू केला. ती आसपासच्या औषधाच्या दुकानांना, पतपेढ्यांना, भाताच्या गिरण्यांना हिशेबाचे सॉफ्टवेअर करून देते. तिच्या जवळ तीन प्रकारचा ऐवज आहे. पहिला, तिने स्वतः लिहिलेल्या आज्ञा, म्हणजे सोर्स कोड. दुसरा, गिऱ्हाइकांचा डेटाबेस: कोणाकडे किती येणे, कोणते औषध कधी मुदतबाह्य होणार, कोणाचा हप्ता थकला. तिसरा, किल्ल्या आणि पासवर्ड. पहिला ऐवज बुडाला तर तिची दोन वर्षांची मेहनत जाईल. दुसरा बुडाला तर शंभर दुकानांची उधारी जाईल, आणि ती तिला पुन्हा लिहूनही काढता येणार नाही, कारण ती तिची नव्हेच.

आता कोकणचे हवामान लक्षात घ्या. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि दक्षिण रायगडातील कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, २२ व २३ जुलै २०२१ ला, सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी शेजारच्या महाड शहरात शिरले. बाजारपेठेतील दुकाने बुडाली. चोपड्या, संगणक, आणि संगणकाशेजारी 'सुरक्षित' म्हणून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क, सगळे एकाच चिखलात.

येथे थोडे गणित करू. समजा, एक हार्ड डिस्क वर्षभरात बिघडण्याची संभाव्यता १/५० आहे. दोन डिस्कवर दोन प्रती ठेवल्या तर दोन्ही एकाच वर्षात बिघडण्याची संभाव्यता १/५० × १/५० = १/२५००. तीन ठेवल्या तर १/१,२५,०००. प्रत्येक प्रतीबरोबर धोका पन्नासपट घटतो! पण संभाव्यतांचा असा गुणाकार करण्यास एक अट असते. त्या घटना परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. तीनही डिस्क एकाच टेबलावर असतील आणि पन्नास वर्षांत एकदा त्या टेबलापर्यंत पाणी चढत असेल, तर तीन प्रती असूनही धोका १/५० हून खाली येणार नाही. मेर्स्कच्या दीडशे यंत्रांचे असेच झाले. ती देशोदेशी विखुरलेली होती, त्यामुळे पुराला स्वतंत्र होती; पण एकाच जाळ्यात एकमेकांची नक्कल करीत होती, त्यामुळे घातक आज्ञावलीला ती स्वतंत्र नव्हती.

म्हणून प्रती किती आहेत एवढेच मोजून भागत नाही. त्यांना एकाच वेळी मारणारे काय काय आहे ते मोजावे लागते. पूर, आग, चोरी, वीज कोसळणे, घातक आज्ञावली, बंद झालेले खाते, विसरलेला पासवर्ड आणि आपलाच चुकलेला हात. यांतला शेवटचा शत्रू सर्वांत जास्त वेळा येतो.

ढग म्हणजे काय?

'क्लाउड' या नावामुळे माहिती कोठे तरी हवेत तरंगत असावी असा समज होतो. प्रत्यक्षात हा ढग जमिनीवर असतो, सिमेंटच्या इमारतीत. त्यातला एक तर आपल्याच जिल्ह्यात आहे: पनवेलजवळ 'योट्टा' या कंपनीचे मोठे डेटा सेंटर २०२० च्या जुलैत सुरू झाले. ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ साली सुरू झाला, मायक्रोसॉफ्टचा पुण्यातला विभाग त्याच्या आदल्या वर्षी. अशा इमारतीत हजारो डिस्क मांडणीवर फिरत असतात, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा घरघरत असते, आणि वीज गेली तर तळाशी डिझेलवर चालणारे जनरेटर तयार असतात. माणगावच्या खोलीतल्या इन्व्हर्टरचाच हा थोरला भाऊ.

हजारो डिस्क म्हटल्यावर त्यांतल्या काही रोज बिघडणारच. तरी गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागत नाही. का? प्रत्येक फाईलच्या तीन पूर्ण प्रती ठेवणे हा एक उपाय, पण त्याला तिप्पट जागा लागते. याहून हुशारीचा एक उपाय आहे आणि तो दहावीच्या बीजगणितात बसतो.

समजा, आपल्याला ४७, ३२ आणि १८ हे तीन आकडे जपून ठेवायचे आहेत. तीन डिस्कवर ते तीन लिहू. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज लिहू: ९७. आता ३२ ची डिस्क जळाली तर? ९७ मधून ४७ आणि १८ वजा करा, ३२ परत मिळाले. एका जादा डिस्कवर कोणत्याही एका डिस्कचे नुकसान भरून निघाले. पण दोन जळाल्या तर? त्यासाठी पाचव्या डिस्कवर आणखी एक बेरीज लिहू, पण पहिल्या आकड्याला १ ने, दुसऱ्याला २ ने आणि तिसऱ्याला ३ ने गुणून: ४७ + ६४ + ५४ = १६५. आता पहिली आणि दुसरी डिस्क गेली असे समजा. हरवलेले आकडे क्ष आणि य मानू.

क्ष + य = ९७ − १८ = ७९
क्ष + २य = १६५ − ५४ = १११

दुसऱ्यातून पहिले वजा केले की य = ३२, आणि म्हणून क्ष = ४७. पाचापैकी कोणत्याही दोन डिस्क काढून टाका आणि करून पाहा. दर वेळी उत्तर निघते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीचे हे साधे रूप होय. ओरखडा पडलेली संगीताची सीडी न अडखळता वाजे ती याच पद्धतीमुळे. बॅकब्लेझ ही कंपनी फाईलचे १७ तुकडे करून त्यांना ३ जादा तुकडे जोडते आणि ते वीसही तुकडे वीस वेगवेगळ्या यंत्रांत ठेवते. कोणतेही तीन नाहीसे झाले तरी फाईल शाबूत. जादा जागा किती लागली? १७ ला ३, म्हणजे सुमारे १८ टक्के. तीन पूर्ण प्रतींसाठी हीच जादा जागा २०० टक्के लागली असती.

याच बळावर ॲमेझॉन आपल्या साठवणीची टिकाऊपणाची पातळी ९९.९९९९९९९९९ टक्के अशी सांगते. नऊ हा आकडा अकरा वेळा! अर्थ असा की तुम्ही एक कोटी फाईली ठेवल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एक फाईल हरवेल. ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला अजून साडेसातशे वर्षेही झालेली नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची भव्यता कळते. पण हा आकडा कशाचा आहे ते नीट पाहा. तो डिस्क बिघडण्याचा आहे. तुम्ही स्वतः फाईल पुसलीत, कोणी तुमचा पासवर्ड चोरून पुसली, अथवा बिल थकले म्हणून खाते बंद झाले, तर अकरा नऊ काही कामाचे नाहीत. ढग तुमची आज्ञा बिनचूक पाळील आणि बिनचूक पुसून टाकील.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गूगलच्या क्लाउडवरचा सर्व पसारा पुसला गेला. त्याचे सहा लाखांहून अधिक सभासद आठवडाभर आपले खाते पाहू शकले नाहीत. कारण? यंत्रणा उभारताना गूगलच्या बाजूला एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे तिने मुदत एक वर्षाची धरली आणि वर्ष संपताच सगळे काढून टाकले. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, पण खाते एकच, दोन्ही गेल्या. निधी वाचला तो दुसऱ्याच एका कंपनीकडे वेगळी प्रत ठेवली होती म्हणून.

दक्षिण कोरियाच्या सरकारला असे नशीब लाभले नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवण्याची 'जी-ड्राइव्ह' नावाची साठवण तीत नष्ट झाली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि दुसरीकडे प्रत नव्हती. साठा फार मोठा म्हणून ती काढली जात नव्हती. फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथे १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीची एक अख्खी इमारत जळाली, तेव्हा काही गिऱ्हाइकांना कळले की आपली मूळ माहिती आणि तिचा बॅकअप एकाच छपराखाली होते. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेली आग ज्यांना आठवते त्यांना हे परके वाटणार नाही. चौथ्या मजल्यावरून ती वर पसरली, माणसे दगावली आणि असंख्य फायली राख झाल्या. कागदाच्या फायलीची दुसरी प्रत सहसा नसते. संगणकातील फाईलची प्रत काढणे सोपे असते, पण ती आपोआप निघत नाही.

आरसा आणि छायाचित्र

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही नावे तुम्ही ऐकली असतील. शाळेचे प्रकल्पही त्यांवर ठेवत असाल. या सेवा फार सोयीच्या आहेत. संगणकावरच्या फाईलमध्ये बदल केला की तो फोनवर दिसतो. पण ही सोय आरशाची आहे. तुम्ही चेहऱ्याला काळे लावले की आरशातही काळे दिसते. फाईल पुसली की ढगातलीही पुसली जाते, बिघडलेली फाईल चांगल्या फाईलच्या जागी जाऊन बसते. मेर्स्कची दीडशे यंत्रे म्हणजे दीडशे आरसेच होते. बॅकअप हे छायाचित्र असते: सोमवारचा चेहरा, मंगळवारचा चेहरा, सारे वेगवेगळे आणि मागाहून न बदलणारे. आरसेवाल्या सेवा पुसलेल्या फाईली साधारण महिनाभर टोपलीत ठेवतात, हे खरे. पण मार्चअखेरच्या हिशेबात झालेला घोटाळा पुष्कळदा जूनमध्ये ध्यानात येतो.

सोर्स कोडची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यासाठी बहुतेक आज्ञावलीकार 'गिट' हे साधन वापरतात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिले. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते, आणि कोडची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे केवळ आजचा कोड नव्हे तर त्याचा सारा इतिहास जातो. गिटहब किंवा गिटलॅब यांसारख्या ठिकाणी तो ठेवला की एक प्रत माणगावात, एक परदेशात आणि एक प्रत्येक सहकाऱ्याकडे. देहूच्या डोहात तुकोबांच्या वह्या बुडवल्या तरी गाथा उरली, ती लोकांच्या मुखी आणि टाळकऱ्यांच्या वह्यांत होती म्हणून, असे काही अभ्यासक मानतात. गिटची रचना त्याच जातीची आहे.

पण गिटवर भिस्त ठेवून झोपी जाऊ नये. डेटाबेस गिटमध्ये ठेवत नाहीत; तो फार मोठा असतो आणि क्षणाक्षणाला बदलतो. पासवर्ड तर तेथे कधीच ठेवू नयेत. म्हणजे आपल्या तीन ऐवजांपैकी एकाचीच सोय झाली. गंमत म्हणजे हा धडा खुद्द गिटलॅब कंपनीलाच मिळाला. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री थकलेल्या एका अभियंत्याने एक सर्व्हर समजून दुसऱ्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला सुरुवात केली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. लोकांचा कोड वाचला, पण डेटाबेसचे काय? तेथे बॅकअपच्या पाच तऱ्हा योजलेल्या होत्या आणि पाचांपैकी एकही धड चालत नव्हती. एक तर जुळत नसलेल्या आवृत्तीमुळे रोज अपयशी होत होती, आणि 'अपयश आले' असे सांगणारी पत्रे कोणापर्यंत पोचतच नव्हती. शेवटी, एकाने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत उपयोगी पडली. कंपनीने ही सारी हकिकत लपवली नाही, जगापुढे मांडली. त्याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे.

निवड कशी करायची?

आता आपली माणगावची आज्ञावलीकार काय निवडील? बाजारात सेवांची आणि साधनांची इतकी गर्दी आहे की जाहिराती वाचून डोके फिरावे. जाहिराती बाजूला ठेवून तिने प्रथम दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. किती वेळाचे काम गमावणे परवडेल? आणि सर्व काही गेले तर किती वेळात पुन्हा उभे राहायला हवे? औषधाच्या दुकानाला एक दिवसाची विक्री गमावणे परवडत नाही, म्हणून डेटाबेसची प्रत दर तासाला हवी. उलट तिच्या जुन्या प्रकल्पांची चित्रे आठवड्यातून एकदा गेली तरी चालेल.

नंतर प्रश्न येतो वेगाचा, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. इंटरनेटच्या जाहिरातीत जो वेग सांगतात तो माहिती आपल्याकडे येण्याचा. आपल्याकडून जाण्याचा वेग बऱ्याचदा त्याहून कमी असतो. समजा, तो सेकंदाला १० मेगाबिट आहे आणि तिचा एकूण ऐवज १०० गिगाबाइट आहे. एक बाइट म्हणजे ८ बिट, तेव्हा १०० गिगाबाइट म्हणजे ८ लाख मेगाबिट. भागिले १०, म्हणजे ८० हजार सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास. पावसाळ्यात माणगावला २२ तास अखंड वीज आणि इंटरनेट मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. म्हणून साधन असे हवे की तुटल्यास जेथे तुटले तेथून पुढे सुरू होईल, आणि पहिल्या वेळेनंतर केवळ बदललेला भागच पाठवील. रोजचा बदल ५० मेगाबाइट असेल तर तो ४० सेकंदांत जातो. रेस्टिक आणि बॉर्ग ही फुकट मिळणारी, खुली साधने हेच करतात. ती फाईलचे लहान तुकडे पाडतात, पूर्वी पाठवलेला तुकडा पुन्हा पाठवत नाहीत, आणि बाहेर पाठवण्यापूर्वी सर्व काही सांकेतिक लिपीत बदलतात. रेस्टिक बहुतेक क्लाउड सेवांशी थेट बोलते. बॉर्गला पलीकडच्या टोकालाही बॉर्गच लागते. एकट्यादुकट्याने मला विचारले तर मी रेस्टिककडे बोट दाखवीन.

आणि ऐवज एक टेराबाइट असेल तर? तोच हिशेब केल्यास सव्वानऊ दिवस लागतात. त्याऐवजी हार्ड डिस्क पिशवीत घालून एसटीने पनवेलला नेली तर? अंतर शंभर-एक किलोमीटर, महामार्गाच्या रुंदीकरणाची कृपा धरून चार तास. १ टेराबाइट म्हणजे ८० लाख मेगाबिट, चार तास म्हणजे १४,४०० सेकंद. भागाकार करा: सेकंदाला सुमारे ५५५ मेगाबिट! एसटी इंटरनेटच्या पंचावन्नपट वेगवान ठरली. ही थट्टा नव्हे. मेर्स्कने हेच केले, आणि ॲमेझॉननेही २०१५ साली गिऱ्हाइकाकडे मजबूत पेटी पाठवून माहिती भरून नेण्याची सोय काढली होती.

भाड्याचा हिशेबही नीट वाचावा लागतो. ढगात माहिती ठेवण्याचे भाडे दरमहा, गिगाबाइटच्या मापाने असते. आत टाकायला बहुधा पैसे पडत नाहीत, पण बाहेर काढताना अनेक कंपन्या वेगळे पैसे घेतात. काही साठवणी फार स्वस्त असतात, पण त्यांतून माहिती परत मिळायला तास न् तास लागतात. धान्याच्या कणगीसारखा हा प्रकार: ठेवायला उत्तम, रोज चिमूटभर काढायला गैरसोयीचा. जुन्या वर्षांचे हिशेब तेथे ठेवावेत, चालू वर्षाचे नव्हेत.

जागाही पाहावी. मुंबई विभागात ठेवलेली माहिती एकाहून अधिक इमारतींत विभागलेली असते, पण त्या सर्व एकाच पावसाच्या छायेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. माणगावला पूर आणि मुंबईला पूर या फार स्वतंत्र घटना नाहीत. म्हणून एक प्रत हैदराबादसारख्या दूरच्या विभागात असणे बरे, आणि शक्यतो दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या खात्यात. काही सेवा फाईलला मुदतीचे कुलूप लावू देतात: ठरावीक तारखेपर्यंत खुद्द मालकालाही ती पुसता येत नाही. 'नॉटपेट्या'सारख्यांपुढे याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. अपवाद एकच, घानाचा: एक डिस्क घरी माळ्यावर, कशालाही न जोडलेली.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने हे सारे ३-२-१ अशा सूत्रात बसवले आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. छायाचित्रकाराने ते सांगावे हे योग्यच, कारण लग्नाचे फोटो हरवले तर लग्न पुन्हा लावता येत नाही.

उरला तिसरा ऐवज, किल्ल्या. सांकेतिक लिपीत ठेवलेल्या प्रतीचा पासवर्ड हरवला तर ती प्रत असून नसल्यासारखी. ज्याने ते साधन लिहिले तोही ती उघडू शकत नाही. हा पासवर्ड फक्त संगणकातच ठेवला आणि संगणक बुडाला, तर पेटीची किल्ली पेटीत राहिली! येथे कागदाला पर्याय नाही. दोन कागदांवर लिहून एक घरी आणि एक दूरच्या नातलगाकडे, गावातल्या लॉकरमध्ये ठेवला तरी चालेल, पण पाण्याच्या पातळीच्या वर.

प्रत खरी आहे का?

एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना त्यांत चुकीचे पाठ शिरले होते, ते त्यांनी प्रती ताडून दूर केले. संगणकातही नक्कल करताना एखादा बिट उलटतो, पण लक्षावधी पाने डोळ्यांनी ताडायची कशी? त्यासाठी 'शा-२५६' नावाची एक गणिती कृती आहे. कोणतीही फाईल, लहान असो वा मोठी, तिच्यात घातली की ६४ अंक-अक्षरांची एक ओळ मिळते. ही त्या फाईलची बोटाची ठसेओळख. मूळ फाईलची ओळ आणि प्रतीची ओळ तंतोतंत सारखी असेल तर प्रत शुद्ध आहे.

शाळेच्या संगणक-कक्षात हा प्रयोग करून पाहा. ही ओळ काढण्याची आज्ञा विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आयती असते. ती कशी द्यायची ते आपल्या संगणक-शिक्षकांना विचारा. एका साध्या मजकूर-फाईलमध्ये आपला निबंध लिहा आणि तिची ओळ वहीत उतरवून घ्या. मग त्यातला एकच काना काढून फाईल पुन्हा साठवा आणि ओळ पुन्हा काढा. बदल एका कान्याचा, पण ओळ जवळजवळ सगळी बदललेली दिसेल. आता तो काना होता तेथे परत घाला आणि पाहा: वहीतली पहिली ओळ अक्षरशः जशीच्या तशी परत येते.

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. निबंधाची फाईल ढगात अथवा पेनड्राइव्हवर ठेवा. मग दुसऱ्या संगणकावर बसा, ज्यावर ती फाईल कधीच नव्हती, आणि घड्याळ लावून ती परत मिळवा. पासवर्ड आठवला का? फाईल उघडली का? ठसेओळख जुळली का? किती मिनिटे लागली? वर्गातल्या चार गटांनी हे करून आपापली मिनिटे फळ्यावर लिहावीत. आपली माणगावची आज्ञावलीकार हाच प्रयोग दर तीन महिन्यांनी करते, असे आपण धरू. तिच्या तक्त्यात एक रकाना जास्त असतो, तो म्हणजे अलीकडच्या कोणत्या तासापर्यंतची उधारी परत मिळाली त्याचा.